पालथा हात

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, दोन मणक्यांवर बोट ठेवले आणि म्हणाले, "ट्यूबरक्युलोसिस ऑफ द स्पाइन." म्हणजे कण्याचा क्षय. दोन मणक्यांच्या मधली जागा नाहीशी झाली होती. तिथे पू साचून मज्जारज्जूवर दाब आला होता आणि म्हणून माझे पाय गेले होते. पाय जाण्याला त्यांनी पॅराप्लेजिया हा शब्द वापरला. म्हणजे कमरेखालचा लकवा.

हे १९५५ च्या पोळ्यानंतरच्या आठवड्यात घडले. मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा गोंदियातला बातमीदार होतो आणि फुलचूरला राहत होतो. ज्यांच्या घरी असा माणूस आज पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

लक्षणे चार महिने आधीपासून होती. पाठ दुखे, संध्याकाळी बारीक ताप येई. मी दोष सायकलीला दिला. एके दिवशी कचेरीपुढे सायकलवरून उतरलो तेव्हा उजव्या पायात चप्पल नव्हती. ती वाटेत कुठे पडली हे मला कळलेच नव्हते. त्याच दिवशी दवाखान्यात जायला हवे होते. मी तीन आठवडे थांबलो. कुणाची चप्पल अशी नकळत पडत असेल तर त्याने थांबू नये.

डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. "औषध आहे," ते म्हणाले. "काही वर्षांपूर्वी आला असतात तर नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने आणि गोळ्या. पण कणा हलता कामा नये. वर्षभर तरी प्लास्टरमध्ये राहावे लागेल. क्षयाने तुम्ही बहुधा मरणार नाही. पडून राहण्याने मरू शकता."

पडून राहण्याने जी जखम होते तिला बेडसोअर म्हणतात. हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिचे रक्त थांबते आणि ती मरते. चांगल्या माणसाला दुखते आणि तो कूस बदलतो. मला कमरेखाली काही कळत नव्हते. माझी कातडी मेली तरी मला खबर लागणार नव्हती. ती खबर दुसऱ्या कुणीतरी ठेवायला हवी होती.

दवाखान्याचा नियम असा होता: खाट सहा आठवड्यांपलीकडे मिळणार नाही, आणि घरचे एक माणूस शुश्रूषा शिकल्याशिवाय रोग्याला घरी सोडणार नाहीत. माणूस शिकले नाही तर दूरच्या आरोग्यधामाच्या यादीत नाव लागायचे. त्या यादीत नंबर येईपर्यंत माझ्यासारखे रोगी टिकत नसत, असे मला वॉर्डातल्या शेजाऱ्याने सांगितले.

माझ्या घरी दोन माणसे होती. माझी आई, जिला आम्ही माय म्हणतो, आणि बायको सरजा. सरजा दुसरी इयत्ता शिकलेली. नऊ वर्षांची असल्यापासून विड्या वळत होती. शिकायचे ठरले ते तिचे. मला वाटते, तिला कुणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

मायला हा प्रकार पसंत नव्हता. ती वॉर्डाच्या दारात उभी राहून म्हणाली, "आपल्या मानसाले पलटवाले शिकावं लागते काय? मी सहा लेकरं पलटवली. कोन्या सिस्टरनं शिकवलं होतं मले?"

सुमित्रा सिस्टर दुर्गकडच्या. हिंदी बोलत, मराठी समजत. त्यांनी मान वर न करता उत्तर दिले, "माँजी, बच्चा रोता है. इसका पैर नहीं रोएगा."

शिकवणी रोज सकाळी दोन तास. पहिला आठवडा सरजाला मला हात लावू दिला नाही. भाताचे तणस भरलेले पोते खाटेवर ठेवले आणि ते वळवायला लावले. "पहले बोरा, आदमी बाद में," सिस्टर म्हणत. पोते मध्येच वाकले की पुन्हा पहिल्यापासून. सरजा घामाघूम होई आणि पुटपुटे, "बोरा तरी बरा. बातमी सांगत नाई."

दुसऱ्या आठवड्यात प्लास्टर आले. पाठीचा एक साचा आणि पोटाचा एक साचा, दोन्ही माझ्याच अंगावर घडवलेले. मी पाठीच्या साच्यात पडून असायचो. वळवायची वेळ झाली की वरून पोटाचा साचा ठेवायचा, पट्टे आवळायचे आणि दोघांनी मिळून एकाच दमात पालथे करायचे. मग पाठीचा साचा काढायचा, कातडी बघायची, स्पिरिट लावून कोरडी करायची, पावडर घालायची. दर दोन तासांनी. रात्री थोडे कमी वेळा.

सिस्टरांनी आणखी एक गोष्ट शिकवली. कातडी तपासायची ती तळहाताने नाही, पालथ्या हाताने. काम करणाऱ्याचा तळहात जाड होतो, त्याला बारीक ऊब कळत नाही. हाताची मागची बाजू खोटे बोलत नाही. जिथे पालथ्या हाताला ऊब लागेल तिथे उद्या लाली येईल आणि परवा जखम होईल.

घड्याळाची अडचण होती. आमच्या घरी घड्याळ नव्हते. माझे मनगटी घड्याळ आजाराच्या सुरुवातीलाच मोडीत गेले होते. सरजा म्हणाली, "पंचवीस विड्यांच्या सहा जुड्या झाल्या का दोन तास होते." सिस्टर हसल्या. मग त्यांनी तिला वॉर्डाच्या व्हरांड्यात सूप, पाने आणि तंबाखू घेऊन बसवले आणि आपल्या घड्याळावर वेळ मोजली. पाच मिनिटांचा फरक निघाला. त्यांनी तो मान्य केला.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी सरजा आणि मायने मला डॉक्टरांसमोर वळवले. डॉक्टरांनी पट्टे ओढून पाहिले आणि कागदावर सही केली. सरजाच्या आयुष्यातली ती पहिली परीक्षा. निकाल म्हणून तिला मी मिळालो.

घरी खाट खोलीच्या मधोमध मांडली, दोन्ही बाजूंनी उभे राहता यावे म्हणून. तंबाखूची धूळ माझ्या छातीला नको म्हणून सरजा सूप घेऊन उंबरठ्याबाहेर बसे. कंपाउंडर रोज येऊन इंजेक्शन देई.

पाठीवर असलो की मला छपराची कवेलू दिसत. पोटावर असलो की जमिनीचा एक तुकडा आणि दारातून आत येणारी पावले. आलेल्या माणसाला मी पायांवरून ओळखू लागलो. सुरुवातीला पाय पुष्कळ येत. दिवाळीनंतर कमी झाले. क्षय म्हटल्यावर लोक घाबरतात. माझा क्षय हाडाचा होता, श्वासातून पसरणारा नव्हता. हे मी प्रत्येकाच्या पायांना समजावून सांगत असे. पुरुषमंडळी आली की थोडा वेळ बसत, चहा घेत, राजकारण बोलत. वळवायची वेळ झाली की उठून बाहेर जात. एकानेही, "मी हात लावू का?" असे विचारले नाही. मीही कुणाला सुचवले नाही. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटले नव्हते.

कंटाळा हा शब्द या अवस्थेला पुरत नाही. साचा मानेपासून मांड्यांपर्यंत होता. हात मोकळे होते, पण हातांना जाण्यासारखी जागा नव्हती. पालथा असताना मी जमिनीवर कागद ठेवून लिहायचा प्रयत्न केला. बातमी नव्हती. मग वळवण्याची नोंदवही ठेवू लागलो. दिवस, जुड्यांवरून धरलेली वेळ, कोणती बाजू, कातडी कशी. एवढीच खबर माझ्या हद्दीत घडत होती.

फाल्गुनात सरजाच्या धाकट्या भावाचे लग्न निघाले. तिचे माहेर अर्जुनी मोरगावजवळ. सकाळच्या गाडीने गेले तरी परतीला दुसरा दिवस लागे. तिने पत्रिका हळदीसकट माझ्या डोळ्यांपुढे धरली आणि मग कोनाड्यात ठेवली.

"जाऊन ये," मी म्हणालो.

"कशी जाऊ? मी गेली तं तुमाले कोन पलटवन?"

"माय आहे."

"मायले पट्टे आवळता येते काय? तिचे हात पाहा." तिने कोनाड्याकडे पाहिले. मग म्हणाली, "अजी, तुमी तं साच्यात आहा. मी बिनसाच्याची बांधली आहो. तुमचा साचा डॉक्टर काढन. माझा कोन काढन?"

त्या दिवशीच्या नोंदीत चार वेळा पाठ आणि चार वेळा पोट लिहिलेले आहे. बाकी काही नाही. लग्न झाले. ती गेली नाही.

उन्हाळा लागला. आमच्याकडे वैशाखात हवा इतकी कोरडी होते की लाकडाचे दार आपोआप तडकते. माझ्या टाचांना भेगा पडल्या. सरजाने त्या पाहिल्या आणि तिला जे ठाऊक होते ते केले.

विडीचे पान कोरडे असेल तर वळताना फुटते. म्हणून तेंदूपाने भिजवतात, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि नरम झाली की कापायला घेतात. हे ती नऊ वर्षांची असल्यापासून करत आली होती. टाच फुटू लागली तसे तिने तिच्याभोवती ओले फडके बांधले. सुकले की पुन्हा ओले केले. पाठीची आणि कमरेची कातडी ती शिकवल्याप्रमाणे कोरडी ठेवत होती. टाचेबद्दल तिला वेगळे काही सांगितले गेले नव्हते, आणि टाच तिला पानासारखी वाटली. दर वेळी फडके बदलताना ती भेगा बघे. भेगा मिटत होत्या. ती समाधानी होती. मला तर काही कळतच नव्हते. वहीत मी लिहिले, "टाचा नरम."

सिस्टर महिन्यातून एकदा येत. त्यांनी फडके सोडले. उजव्या टाचेची कातडी पांढरी पडून सुटली होती आणि खाली रुपयाएवढी जखम होती. त्यांनी डॉक्टरांना निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. मेलेली कातडी कापून काढली. मग माझी दौत मागितली, काडीला कापूस गुंडाळून शाईत बुडवला आणि जखमेच्या कडेने रेघ मारली. "दहा दिवसांनी बघू," ते म्हणाले. "जखम रेघेच्या आत राहिली तर ठीक. रेघ ओलांडून हाडाकडे गेली तर पाय ठेवता येणार नाही. आणि क्षयाच्या रोग्यावर तसली शस्त्रक्रिया मला करावीशी वाटत नाही." शेवटच्या वाक्याचा अर्थ त्यांनी फोडून सांगितला नाही. मला तो कळला. सरजालाही कळला.

माय कोपऱ्यातून म्हणाली, "शिकून काय फायदा झाला मंग?"

सुमित्रा सिस्टर मागे राहिल्या होत्या. त्या उंबरठ्याबाहेर सरजाच्या सुपाजवळ जमिनीवर बसल्या. मी त्या वेळी पालथा होतो आणि मला दोघींचे पाय आणि सूप दिसत होते. मी सगळे ऐकले.

"गीला कपड़ा किसने बताया?"

"पानानं," सरजा म्हणाली. "पान वल्लं नाई ठेवलं तं फुटते. टाच फुटून राहिली होती."

सिस्टरांनी ओल्या गोणपाटातून एक पान काढले. "और इसको आठ दिन गीला रखा तो?"

"कायले ठेवन कोनी आठ दिवस?"

"रखा तो?"

सरजाने पान हातात घेतले. "सडते," ती म्हणाली. "काळे डाग पडते. हात लावला का सुटते."

"बस," सिस्टर म्हणाल्या. मग त्या जे म्हणाल्या ते मी नंतर वहीत उतरवून घेतले. "मैंने बोला सूखा रखो. क्यों, वो नहीं बोला. तुम क्या जानती हो, वो भी नहीं पूछा. ग़लती आधी मेरी है."

पुढचे दहा दिवस असे गेले. पोटरीखाली जाड घडी ठेवून टाच हवेत अधांतरी ठेवायची. मीठ घालून उकळलेले आणि गार केलेले पाणी, दिवसातून दोनदा. वर कोरडी पट्टी. भेगांना तेलाचे बोट, पाणी नाही. सरजाने हे सगळे केले. सहा जुड्या झाल्या की ती उठे. पाचव्या दिवसापासून सहा पुऱ्या होण्याआधीच उठू लागली. शेवटी सूप भिंतीला टेकवून ती नुसतीच खाटेपाशी जमिनीवर बसून राहिली. मला तिचे फक्त गुडघे दिसत.

रोज सकाळी ती माझा दाढीचा आरसा टाचेपाशी धरी आणि मी जखम पाही. शाईची रेघ निळी, मधला भाग लाल. चौथ्या दिवशी काही कळेना. सातव्या दिवशी एका बाजूला जखम रेघेला टेकल्यासारखी वाटली. मी ते वहीत लिहिले नाही. या वहीतली ती एकच गाळलेली नोंद आहे.

दहाव्या दिवशी डॉक्टर वाकले, भिंग लावले आणि म्हणाले, "आत आहे." चारही बाजूंनी जखम रेघेच्या आत सरकली होती. किती? सरजाने मोजले. तांदळाच्या एका दाण्याएवढी.

ती बाहेर गेली. पानांवर पाणी मारण्याचा आवाज आला. ती पुन्हा सूप घेऊन बसली होती.

जखम भरायला श्रावण उजाडला. त्याच सुमारास उजव्या पायाचा अंगठा हलला. तो सरजाला आधी दिसला. मला तो हलवल्याचे कळले नव्हते. डॉक्टरांनी सांगितले, दाब उतरतो आहे. पुढच्या दोन महिन्यांत पायांत मुंग्या आल्या, मग जळजळ, मग दुखणे. दुखणे आले त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतः सांगितले, "कमरेपाशी टोचते, वळव."

साचा दिवाळीनंतर काढला. चौदा महिने झाले होते. मी त्यात गेलो तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. बाहेर आलो तेव्हा मुंबई राज्यात. एवढी मोठी बातमी माझ्या घरावरून गेली आणि मी ती पालथा पडून ऐकली.

पाठीला चामड्याचा पट्टा आणि हातात काठी घेऊन मी चालू लागलो. सरजाला मात्र मोकळे होता येईना. सहा जुड्या झाल्या की ती सवयीने उठे, रिकाम्या खाटेकडे बघे आणि परत बसे.

काही महिन्यांनी सुमित्रा सिस्टर आल्या आणि तिला मागून घेऊन गेल्या. दवाखान्यात नव्या रोग्यांच्या घरच्या माणसांना शिकवायचे होते. सरजा म्हणाली, "मले लिहिता येत नाई." सिस्टर म्हणाल्या, "लिखना नहीं है." आठवड्यातून एक सकाळ ती जाऊ लागली. पहिल्या दिवशी सोबत दोन पाने नेली, एक आदल्या दिवशी भिजवलेले आणि एक आठ दिवस ओले ठेवलेले. शिकवायला सुरुवात करण्याआधी ती प्रत्येकीला विचारी, "तुमी घरी काय करता?" जी बाई भाताची रोवणी करे तिला ती चिखलात दिवसभर उभ्या पायांच्या बोटांमधल्या कातडीची आठवण देई. जी मोहफुले वाळवे तिला दमट फुलांना येणाऱ्या बुरशीची. हे तिला कुणी शिकवले नव्हते. तिच्याच चुकीने शिकवले होते.

मी एकदा तो वर्ग पाहायला गेलो. बातमी करावी असा विचार होता. अकरा जणी होत्या. रोगी बहुतेक पुरुष होते. शिकायला एकही पुरुष नव्हता. मी दाराशी उभा राहिलो, आकडे टिपले आणि परत आलो. बातमी दिली. ती छापून आली. त्यात हा आकडा होता. मी त्या आकड्यात कुठे होतो हे नव्हते.

पुढल्या पावसाळ्यात माय अंगणात घसरली. कमरेपाशी मांडीचे हाड मोडले. फ्रॅक्चर नेक ऑफ फीमर. या वयात ते जुळत नाही असे डॉक्टरांनी सांगितले. पडून राहावे लागणार होते. आणि त्याच महिन्यात अर्जुनीहून पत्र आले, सरजाचे वडील आजारी आहेत.

तिने पत्र कोनाड्यात ठेवले. लग्नाची पत्रिका जिथे ठेवली होती तिथेच.

दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गाची सकाळ होती. मी तिच्या आधी दवाखान्यात पोचलो आणि बायकांच्या ओळीच्या शेवटी बसलो. दोघीचौघी पदर सावरून हसल्या. सरजा आत आली, मला पाहिले आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"तुमी घरी काय करता?"

"नोंदी ठेवतो," मी म्हणालो.

"मंग उठा. पहले बोरा पलटवा."

मग घरीच, चार दिवसांत मी पोते वळवायला शिकलो. पाठीच्या पट्ट्यामुळे वाकता येत नव्हते, तर तिने मला गुडघ्यावर बसून वळवायला शिकवले. पाचव्या दिवशी ती सकाळच्या गाडीने अर्जुनीला गेली. दोन वर्षांनी.

त्या दुपारी मी मायची चादर बाजूला केली, तिला कुशीवर घेतले आणि कमरेखाली हात लावून ऊब बघू लागलो. मला काहीच लागेना. माय भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने मान न वळवता सांगितले:

"पालथा हात लाव, बापा. मी चौदा महिने पाहून राहिली होती."

मी हात पालथा केला. उजव्या बाजूला ऊब होती. तिला डावीकडे वळवले, नव्या घेतलेल्या घड्याळात वेळ पाहिली आणि वहीत लिहिली. ती वही अजून चालू आहे. आता तिच्यात दोन हातांच्या खुणा आहेत. ज्या दिवशी सरजा वळवते त्या दिवशी ती रकान्यात फुली मारते. ज्या दिवशी मी वळवतो त्या दिवशी मी वेळ लिहितो.